गायरानातली खोली

"टाकायचं काय न्हाई. नुसतं उघडायचं."

असं म्हणत मेजर समोरच्याच्या हातातला फोन काढून घ्यायचे, पोथीचं पान उलटताना लावतात तसा अंगठा जिभेला लावायचे आणि पडद्यावर टेकवायचे. ओला अंगठा घसरायचा. मग तो बनियनला पुसायचा आणि पुन्हा टेकवायचा. दर वेळी हेच. फौजेत सिग्नलमध्ये उभी उमर काढलेला माणूस, पण पडद्याला कोरडं बोट लागतं ही गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

खरं तर ते मेजर नव्हते. हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, हे तुम्हाला ठाऊकच असेल. सुरुवातीला ते दुरुस्त करायचे, "आवं, हवालदार." मग लोक "बरं, हवालदार मेजर" म्हणायला लागले. तेव्हा त्यांनी नाद सोडला.

कुपवाडच्या कारखान्यांच्या मागं आमची कॉलनी. आमच्या दारासमोर त्यांचं दार. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मी एका छोट्या फाउंड्रीत डिस्पॅचला होतो. मालकानं भट्टी बंद केली आणि आम्हाला घरी पाठवलं. "सगळ्यांचा माल पोचवता पोचवता स्वतःच डिस्पॅच झाले," असं आमची ही पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण वाक्य चांगलं आहे. मेजर मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "डिस्पॅच, हायस का रं घरात?" एवढंच.

खोलीची गोष्ट कॉलनीच्या मीटिंगवरून सुरू झाली. आमच्या सोसायटीची मीटिंग फोनवरच्या एका ॲपवर व्हायची. ॲप फुकट होतं, पण ठराविक वेळ झाली की आपोआप बंद पडायचं. आणि नेमका पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की ती वेळ व्हायची. सेक्रेटरी सोडून सगळ्यांना याचा राग होता. मेजर एकदा भडकले.

"ही ॲपं म्हंजे कुंपणाचं रान. मालकाच्या मनात आलं की फाटक लावणार. वर तुमचा नंबर द्या, नाव द्या, फोटू द्या. चरायला आल्यावं मेंढराचं नाव इचारतंय का कोण?"

मग त्यांनी महिनाभर एका जुन्या कॉम्प्युटरशी कुस्ती केली. ब्रॉडबँडवाल्याच्या मागं लागून इंटरनेटवरचा कायमचा पत्ता घेतला. जगातल्या कुणा कुणा लोकांनी मिळून लिहिलेलं आणि कुणाच्याच मालकीचं नसलेलं असं सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरवर बसवलं. कृती सगळी उघडी, कुणीही घ्यावी, बदलावी, वापरावी. "गायरान," मेजर म्हणाले. "हे गायरान हाय. हितं फाटक न्हाई."

वापरायचं कसं, तर त्यांनी पाठवलेल्या एका ओळीवर बोट ठेवायचं. फोनमध्ये जो ब्राउझर आधीपासून असतो, ज्यातून आपण बातम्या आणि भविष्य वाचतो, त्यातच मीटिंगची ती खोली उघडायची. ॲप नाही, नंबर नाही, घड्याळ नाही. कॉलनीनं आधी चेष्टा केली. मग टाकीचा विषय पहिल्यांदाच शेवटपर्यंत चालला, तेव्हा चेष्टा थांबली. सेक्रेटरी त्यानंतर मेजरांशी बोलला नाही.

खोली एकच होती. सोसायटीची मीटिंग त्यात, महिला मंडळ त्यात, कुणाच्या नातवाचा वाढदिवस त्यात. मी एकदा म्हणालो, "मेजर, वेगवेगळ्या खोल्या करता येतात ना? कुलूपसुद्धा लावता येतं म्हणे."

"सोय हाय."

"मग?"

"करणार न्हाई. वाड्याला कवा दार बगितलंयस का?"

त्यांचा वाडा म्हणजे विटांचा नव्हे. मेजर आटपाडीकडच्या धनगराच्या घरातले. मेंढरं, दोन घोडी, कुत्री, चुली आणि माणसं, असा जो तांडा दिवाळीनंतर पश्चिमेला निघतो आणि पावसाळ्याच्या आधी घरी परततो, त्याला ते वाडा म्हणत. ऊस तुटलेल्या रानात मालक त्यांना बोलावून घेतो, मेंढरं रात्री तिथं बसतात, रानाला खत होतं. चार दिवसांनी पुढचं रान. भिंत नाही, दार नाही. त्या वर्षी वाडा कराडवरून वर सरकत उंब्रजच्या बाजूला होता. वाड्यावर मेजरांचा धाकटा भाऊ, दोन गडी आणि मेजरांची आई.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मेजरांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मिरज रोडवरच्या एका दवाखान्यात डायलिसिस. भावाला हे माहीत होतं. आईला नव्हतं. आणि तिला कळू द्यायचं नाही, हे मेजरांचं त्या दिवसांतलं एकमेव काम होतं.

"आवं, पण का?" आमच्या हिनं एकदा त्यांना विचारलं. "आई आहे. तिला हक्क आहे."

"वैनी, तिला कळलं की ती हितं येणार. भावजय कंबरेनं अदू, ती गावाकडं. वाड्याव बाईमाणूस म्हंजे आई येकली. कोकरं तिच्याकडं, भाकरी तिच्याकडं, घोड्याव बिऱ्हाड लादायचं तिच्याकडं. ती हितं माझ्या उशाला येऊन बसली की तिकडं भाऊ मेंढरं इकणार. वाडा मोडला की मोडला. परत उभा ऱ्हात न्हाई."

ही कप उचलून निघाली. घरात आल्यावर मला म्हणाली, "तुम्ही तसेही घरात बसून कुठला उजेड पाडताय? जा त्यांच्याबरोबर."

म्हणून मी जायला लागलो. स्कूटरवर मागं बसवून न्यायचं, चार तास शेजारी बसायचं, परत आणायचं. माझं काम म्हणजे फोन धरणं. मेजरांच्या डाव्या हातात सुया, तो हलवायचा नाही. उजव्या हातानं फोन धरला तर नळ्या दिसायच्या. म्हणून मी फोन असा धरायचो की त्यांचं तोंड आणि मागं दवाखान्याचा हिरवा पडदा एवढंच दिसावं. पडदा हिरवा कसा, याचं उत्तर मेजरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, "कॉलनीत रंग काडलाय."

चार तास ती खोली उघडी असायची. इथं घड्याळ नाही याचा खरा उपयोग मला तिथं कळला. तिकडं भावाचा फोन एखाद्या खुंटीला नाहीतर घोड्याच्या पाठीवरच्या बोचक्याला अडकवलेला. त्या फोनात धनगरी ओव्यांचे आणि गजीनृत्याचे इतके व्हिडिओ भरलेले की नव्या ॲपला तसूभर जागा नव्हती. खोलीला जागा लागत नव्हती. इकडं यंत्राची घरघर, तिकडं मेंढरांची बेंबें. बरेचदा कुणीच काही बोलायचं नाही. मेजर मेंढरं बघत पडून राहायचे. मध्येच भाऊ यायचा.

"आण्णा, तुमची ती कानकापी व्याली."

"काय झालं?"

"नर हाय."

"बरं."

झालं संभाषण. मग पुन्हा अर्धा तास घरघर.

"मेजर, हात बधिर झाला माझा," मी म्हणायचो.

"हू दे. तुज्या हाताला दुसरं काय काम हाय?"

सूर्य कलला की आई यायची. हे दृश्य तुम्ही बघायला हवं होतं. भाऊ फोन तिच्या हातात द्यायचा आणि ती तो कानाला लावायची. आयुष्यभर फोन म्हणजे कानाला, हा तिचा हिशेब. इकडं आमच्या पडद्यावर एक मोठा कान, त्यात चांदीची बुगडी आणि दोन पांढरे केस.

"आई, डोळ्याम्होरं धर की."

"आं?"

"डोळ्याम्होरं. मी दिसन."

"ऐकू येतंया की. जेवलास का?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

इथं मेजर कॉलनीतल्या काल्पनिक जेवणाचं वर्णन करायचे. कालवण, भाकरी, ठेचा. खरं म्हणजे त्यांना मीठ बंद, पाणी मोजून, आणि तोंडात कडू चव सतत. कान सगळं ऐकायचा. "बरं," कान म्हणायचा. मला त्या कानाची सवय झाली. कधी बुगडी उलटी असायची तर मला चुकल्यासारखं वाटायचं. आणि त्या कानामुळंच मेजरांचं काम सोपं झालं होतं. तोंड सुजलेलं, डोळ्यांखाली काळं, ते तिच्या दृष्टीला पडतच नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला महिला मंडळाला हळदीकुंकवाचं ठरवायचं होतं. मीटिंग संध्याकाळी सातला. आमच्या हिला फोनची भीती वाटते, पण ती ते कबूल करत नाही. तेव्हा ऐन वेळी फजिती नको म्हणून तिनं दुपार उतरताना एकटीनं खोली उघडून बघितली. टाकायचं काय नव्हतंच. नुसतं उघडलं.

इकडं पडद्यावर एका बाजूला कान होता. दुसऱ्या बाजूला अचानक आमच्या घरातला छताचा पंखा आला आणि हिचा आवाज.

"अगंबाई, लागलं की. मेजरभाऊजी, आज डायलिसिसला कुठला बेड मिळाला? ते रक्त चढवायचं म्हणत होते डॉक्टर, ते चढवलं का? हे कुठायत?"

हे म्हणजे मी. मी तिथंच होतो, फोन धरून. मला तो बंद करता आला असता. सुचलंच नाही. डिस्पॅचचा माणूस, माल हातात दिला की धरून उभा राहतो.

कान हलला नाही. मग हळूहळू दूर गेला. आणि मग पहिल्यांदाच तिथं तोंड आलं. सुरकुत्यांनी भरलेलं, उन्हानं काळं पडलेलं, कपाळावर गोंदण. तिनं फोन डोळ्यांसमोर धरला होता. कुणी न सांगता.

मेजरांनी मोकळ्या हातानं चादर ओढून नळीवर घेतली. नळी तशीही दिसत नव्हती. ती त्यांच्याकडं बघत होती, ते तिच्याकडं. पंख्याच्या बाजूनं हिचा श्वास ऐकू येत होता. तिला कळलं होतं की काहीतरी झालंय. मग तो पंखा पडद्यावरून गेला.

"कोण बाई हुती ती?" आईनं विचारलं.

"शेजारीण."

"लय काळजीची दिसती."

"हाय."

"जेवलास का?"

"जेवलो."

"बरं. कोकरं सोडायची ऱ्हायल्यात." आणि तिनं फोन भावाकडं दिला.

परत येताना स्कूटरवर मेजर मागून म्हणाले, "डिस्पॅच, कडी लावाय पायजे व्हती का रं?"

"लावा की आता. आईसाठी वेगळी खोली करा."

कृष्णेच्या बाजूनं गार वारा येत होता. कॉलनीच्या वळणावर ते म्हणाले, "आता कशाला."

घरी ही उंबऱ्यातच उभी होती. "मी काय केलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, काही नाही. तिनं त्या संध्याकाळी मंडळाची मीटिंग घेतली, वाणात काय द्यायचं यावर भांडली, स्टीलच्या वाट्या ठरवल्या, आणि फोन ठेवल्यावर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. माझ्याशीसुद्धा. एरवी मला हे सुखाचं वाटलं असतं.

आम्ही वाट बघत होतो की म्हातारी येणार. भाऊ वाडा मोडणार. मेजर रोज त्याला साधा फोन करून विचारायचे.

"आई काय म्हंती?"

"काय न्हाई."

"इचारलं न्हाई?"

"न्हाई. रानमालकाच्या सूनबाई नर्स हायत हितं. त्यांच्याजवळ बसली हुती काल लय येळ. काय बोलली ते ठावं न्हाई."

आठवड्यानं उसाच्या ट्रकवाल्याबरोबर एक घोंगडी आली. निरोप एवढाच, तिथं गार असतं म्हणं. डायलिसिसला थंडी वाजते हे खरं. मेजरांनी घोंगडी आणली. सिस्टर म्हणाल्या, काका, केस गळतात हिचे, चालणार नाही. मेजर म्हणाले, "सिस्टर, माजे बी गळत्यात." आणि पांघरली.

तेव्हा आम्हाला सगळ्यांना समजलं. म्हातारीला कळलं होतं. मेजरांना कळलं होतं की तिला कळलंय. ती आली असती तर वाडा मोडला असता, हे त्यांच्याइतकंच तिलाही ठाऊक होतं. म्हणून तिनं काही ऐकलंच नाही असं ठरवून टाकलं. दुसऱ्या खेपेपासून फोन पुन्हा कानाला. जेवलास का, जेवलो, बरं. फक्त पूर्वी ती पाच-दहा मिनिटं असायची. आता यंत्र बंद होईपर्यंत असायची. बोलायची नाही. कान असायचा, आणि त्या कानामागं चुलीचा धूर.

यावर मी रडलो असेन असं तुम्हाला वाटेल. मला काही वाटलं नाही. मी फोन धरायचो. हात बधिर व्हायचा, मग मी हात बदलायचो. सगळ्या गोष्टींना माणूस सरावतो, तसा मी याला सरावलो. मेजर तर कधीचे सरावले होते. ते कॉलनीतल्या नव्या भाडेकरूंना खोली शिकवायचे, ओला अंगठा लावायचे, पुसायचे. सेक्रेटरीच्या मुलाला परदेशात नोकरी लागली तेव्हा सेक्रेटरी खाली मान घालून आला. मेजर त्यालाही म्हणाले, "टाकायचं काय न्हाई."

उन्हाळा लागला. वाडा उंब्रजच्या परिसरातच होता, अजून पूर्वेला वळला नव्हता. एका सकाळी ही त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली. दार ढकललं. मग मला हाक मारली. मोठ्यानं नाही. नेहमीसारखीच, गॅस संपला की मारते तशी. मी गेलो तर चहाचा कप तिच्या हातात होता आणि ती तो कुठं ठेवायचा हे शोधत होती.

भावाला मीच फोन लावला. तो म्हणाला, "व्हय." मग म्हणाला, "थांबा, आईला सांगतो." मी थांबलो. तिकडं मेंढरांचा आवाज येत होता. बराच वेळ तेवढाच आवाज. मग फोन आपोआप कट झाला.

माती आटपाडीकडं, त्यांच्या गावी झाली. रानमालकानं आपल्या पिकअपमधून म्हातारीला आणलं. ती माझ्यापेक्षा उंच होती, हे बघून मला उगीच आश्चर्य वाटलं. कानावरून माणसाची उंची कळत नाही. गावात तिनं माझ्याकडं बघितलं, ओळखलं नाही. आवाज ऐकल्यावर ओळखलं. "तुमी फोन धरायचा न्हवं," म्हणाली.

दिवसकार्य झाल्यावर ती आणि भाऊ वाड्याकडं परत निघाले. सरळ रस्ता विट्यावरून होता. पण त्यांनी वाट वाकडी करून सांगलीला गाडी आणली आणि आमच्या दारात उभे राहिले. हिनं पाणी दिलं. भांडं पुरतं म्हातारीच्या हातात गेल्यावरही हिनं ते सोडलं नाही.

"त्या दिवशी मी..." ही म्हणाली.

"तुमी इचारलंत म्हून कळलं बाई. न्हाईतर कोण सांगणार हुतं मला?" म्हातारी म्हणाली आणि पाणी प्याली. मग माझ्याकडं वळली. "मला ती जागा दावा. हिरव्या पडद्याची."

दवाखान्यात आत जाऊ देत नाहीत. काचेच्या दारातून बघायचं. त्या पडद्यापाशी त्या दिवशी पलूसचा एक माणूस होता, ऊस शेती असलेला, पोट पुढं, डोळे मिटलेले. मेजरांपेक्षा तरुण. म्हातारी काचेला नाक लावून बघत राहिली. यंत्र बघितलं, नळ्या बघितल्या. त्याचा हात बघितला.

"ह्येला किती येळ?"

"चार तास," मी म्हणालो. "आत्ताच लावलंय."

"मग बसते."

भाऊ म्हणाला, "आई, वाड्याव नुसतं दोन गडी हायत. गाडी थांबलीया." ती बाकावर बसली होती. तो बाहेर जाऊन पिकअपवाल्याशी बोलून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मीही बसलो. माझे हात मोकळे होते, त्यांचं काय करावं ते कळेना. तिनं गाठोडं शेजारी बाकावर ठेवलं. रडली नाही. चहा आणला तो घेतला नाही. मध्ये यंत्र ओरडलं, सिस्टर धावल्या, तेव्हा तेवढी उभी राहिली. यंत्र गप्प झालं. ती पुन्हा बसली.

संध्याकाळी त्या माणसाला सोडलं. दाराबाहेर आला तेव्हा त्याला किंचित भोवळ आली असावी, चौकट धरून उभा राहिला. त्याचा मुलगा खाली गाडी काढायला गेला होता. म्हातारी उठली.

"कुटला हात दुकतूय?"

त्यानं डावा दाखवला. तिनं उजव्या बाजूला जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला एकेक पायरी उतरवत खाली घेऊन गेली. तोही काही न विचारता उतरला. दमलेला माणूस विचारत नाही.

ती परत वर आली, पदरानं तोंड पुसलं, बाकावरचं गाठोडं उचललं. सिस्टर दारातून बघत होत्या.

"आजी, ते पेशंट तुमचे कोण?"

"कोण न्हाई," म्हातारी म्हणाली. "बसायचं ऱ्हायलं हुतं माजं, म्हून बसले."

मग भावाला म्हणाली, "चल रं. मिरगाच्या आत मेंढरं घरला पोचवाय पायजेत." आणि पुढं होऊन पिकअपमध्ये जाऊन बसली, पुढच्या सीटवर नाही, मागं हौद्यात, गाठोड्याला टेकून. गाडी कराडच्या रस्त्याला लागली.